दांडीवर हात टेकून बसलेला उंदीर

एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहू. टेबलावर एक बारीक आडवी दांडी बसवली आहे, टेबलापासून साधारण नऊ-दहा सेंटिमीटर उंच. म्हणजे तुमची अर्धी वीत. आता एक पांढरा उंदीर अलगद उचलायचा, त्याचे मागचे पाय टेबलावर राहू द्यायचे आणि पुढचे दोन पाय त्या दांडीवर ठेवून द्यायचे. पुढे काय होईल?

तुम्ही म्हणाल, होणार काय! उंदीरच तो. क्षणभरात पाय काढून घेईल, मिशा हलवत टेबलभर हिंडेल, जमलंच तर तुमची वहीसुद्धा कुरतडेल. अगदी बरोबर. पण त्या उंदराला आधी एक विशिष्ट औषध टोचलेलं असेल, तर तो हलत नाही. पारावर हात टेकून एस.टी.ची वाट बघणाऱ्या आजोबांसारखा तसाच राहतो. दहा सेकंद, वीस सेकंद, एक मिनिट, कधी त्याहून जास्त. तो झोपलेला नसतो, डोळे टक्क उघडे असतात. त्याला लकवाही झालेला नसतो. फक्त हालचाल सुरूच होत नाही. शेजारचा माणूस हातातल्या स्टॉपवॉचकडे बघून किती वेळ गेला ते वहीत लिहीत असतो. या अवस्थेला शास्त्रज्ञ कॅटॅलेप्सी म्हणतात.

शाळेला दांडी मारणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही. दांडीवर खिळलेला हा उंदीर मला आठवला तो मात्र एका मुलाच्या प्रश्नामुळे.

सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत मी मेंदूविषयी गप्पा मारायला गेलो होतो. कार्यक्रम संपला, मुलं पांगली. आठवीतला एक मुलगा दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत मागे रेंगाळला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, गोळ्या घेतल्यावर माझा काका लाकडागत का हुतो?"

आम्ही दोघं व्हरांड्यातल्या पायरीवर बसलो. मग एकेक बाहेर आलं. काका कॉलेजात होता, कबड्डी झकास खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी तो बदलला. दार लावून बसायला लागला. रेडिओवरचा निवेदक आपल्याविषयीच बोलतोय, शेजारचे आपल्या जेवणात काहीतरी कालवतात, असं म्हणू लागला. आसपास कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे आणि तो त्यांना उत्तरं द्यायचा. घरच्यांनी आधी देवरुषी गाठला. लिंबू झालं, अंगारा झाला, लिंबाच्या फोकाचा मारसुद्धा झाला. वर्ष असंच गेलं. मग कुणीतरी मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या आणि महिना-दीड महिन्यात आवाज कमी झाले. पण हात ताठ झाले. चालताना हात हलेनात, चहाची कपबशी खडखड वाजायला लागली, चेहऱ्यावर हसू दिसेना. काका गोळ्या उशीखाली लपवायला लागला. आवाज परत आले.

"आजी म्हणती, रोगापरीस औषध वाईट. खरं हाय का सर?"

मी तिथे दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते अपुरं होतं, हे घरी पोचेपर्यंत मला टोचत राहिलं. ते पुरं करायला थोडी जागा लागेल, म्हणून हा लेख.

काकाला झालेल्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. हे नाव स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर या डॉक्टरांनी १९०८ साली दिलं आणि त्या नावानेच पुढे मोठा घोटाळा केला. नावाचा अर्थ 'दुभंगलेलं मन', म्हणून सिनेमावाल्यांनी समजूत करून दिली की या आजारात एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. या आजारात विचार, भावना आणि अनुभव यांची आपसातली सांगड सुटते. आवाज ऐकू येतात म्हणजे खरोखरच ऐकू येतात. तो माणूस सोंग करत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात सरासरीने दहा जण. मग ते आपल्याला दिसत का नाहीत? कारण पुष्कळ घरं त्यांना दिसू देत नाहीत. आजाराची सुरुवात बहुतेक वेळा कुमारवय संपता संपता किंवा विशीत होते. घरात कॉलेजला जाणारा दादा किंवा ताई असेल, तर हे ठाऊक असलेलं बरं.

देवरुष्याचं म्हणाल, तर त्या मुलाला मी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोष्ट सांगितली, कारण ती त्याच्याच भागातली आहे. दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. कॉलेज सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, डॉक्टरकी मिरजेला. आणि तेही कबड्डीपटू! हे ऐकल्यावर पोरगं पहिल्यांदा हसलं. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. आजारी माणसाला 'लागिर झालंय' म्हणून झोडपू नका, हे ते गावोगाव सांगत फिरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. लिंबाच्या फोकाचा मारही त्यातच आला.

आता गोळीकडे वळू.

१९५२ पर्यंत या आजारावर कामाचं असं औषधच नव्हतं. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाचं औषध रुग्णांना दिलं गेलं आणि वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं बोलायला लागली. या औषधाची उंदरांवरची एक परीक्षा मोठी मजेशीर होती. उंदरांना शिकवलं होतं की घंटा वाजली की पाठोपाठ पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका येतो, तेव्हा घंटा वाजताच दोरावर चढायचं. उंदीर हुशार, ते पटकन शिकले. औषध दिल्यावर मात्र घंटा वाजली तरी ते जागचे हलेनात. दोरावर चढण्याची ताकद गेली होती म्हणावं, तर झटका बसताच ते सरसर वर जात! म्हणजे अंगातलं बळ शाबूत होतं. घंटेची धास्ती तेवढी संपली होती.

हे कसं घडतं, ते कुणालाच कळेना. धागा सापडायला सुरुवात झाली ती एका भारतीय वनस्पतीपासून. सर्पगंधा! रक्तदाबावर ती किती उपयोगी आहे, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात लिहून जगाला दाखवलं. तिच्यातून निघालेलं रेझरपिन हे द्रव्य स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना दिलं. (ससा उंदराच्या कुळातला नाही बरं का. परीक्षेत गफलत नको.) ससे ढिम्म झाले, कान पडले. मग कार्लसननी त्यांना एल-डोपा टोचलं. शरीरात गेल्यावर त्याचं डोपामिन नावाचं रसायन बनतं. पंधरा मिनिटांच्या आसपास ससे कान टवकारून हिंडायला लागले! हे १९५७ साली. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे यातून पुढे आलं. या कामासाठी कार्लसनना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

निरोप्या म्हणजे काय, ते सांगलीच्या मुलांना कृष्णेच्या घाटावर उभं करून सांगितलं की लगेच कळतं. आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अतिशय चिंचोळी फट असते, म्हणजे नदीच समजा. अलीकडची पेशी डोपामिनच्या होड्या सोडते आणि त्या पलीकडच्या घाटाला लागल्या की निरोप पोचतो. घाटावर होड्या बांधायला ठरावीक खुंटे असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. रेझरपिन अलीकडच्या काठावरचा होड्यांचा साठाच रिकामा करतं. क्लोरप्रोमाझिन आणि १९५८ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेलं हॅलोपेरिडॉल यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या रिकाम्या होड्या पलीकडच्या खुंट्यांना जाऊन बसतात, निरोप काही देत नाहीत, पण जागा अडवतात. मागून आलेल्या डोपामिनला खुंटाच मिळत नाही. १९६३ मध्ये कार्लसन यांनीच लहान उंदरांच्या मेंदूची रासायनिक तपासणी करून याचे पुरावे पुढे आणले.

आता काकाचे हात. मेंदूत डोपामिनचा घाट एकच नाही. एक घाट हालचाली सांभाळतो. तिथे डोपामिन कमी पडलं की शरीर ताठतं, हात कापतात. आजी-आजोबांना होणारा कंपवात तो हाच. दुसऱ्या घाटावर, कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली सोडून द्यायची, याची निवड होते. स्किझोफ्रेनियात तिथे डोपामिनच्या होड्यांची गर्दी होते, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. मग साध्या गोष्टीही खास वाटू लागतात. रेडिओवरचं बाजारभावांचं वाक्यसुद्धा 'मलाच उद्देशून' वाटतं. गोळी रक्तातून जाते. तिला पत्ता लिहिता येत नाही. ती दोन्ही घाटांवर जाते. एका घाटावरची गर्दी हटते आणि आवाज थांबतात, दुसऱ्या घाटावर सामसूम होते आणि हात ताठतात. दांडीवरचा उंदीर दाखवतो तो हा दुसरा घाट. त्याला बहुधा हॅलोपेरिडॉलच दिलेलं असतं.

याच्या उलटही करून पाहतात. ॲम्फेटामिन दिलं की उंदराच्या मेंदूत डोपामिनच्या होड्या भराभर सुटतात. मग तो एकच कोपरा हुंगत राहतो, तीच गज पुन्हा पुन्हा चाटतो, कुरतडतो. माणसांनी हे द्रव्य नशेसाठी भरमसाट घेतलं, तर त्यांनाही आवाज ऐकू येऊ शकतात, कुणी पाठलाग करतंय असं वाटू शकतं. डोपामिनवरचा संशय बळकट झाला, त्याचं हे एक मोठं कारण.

पण मग किती खुंटे अडवायचे? कॅनडातल्या टोरांटोमध्ये शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्राने हे मोजलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. शंभरातले सुमारे ६५ खुंटे अडले की आजार हटायची शक्यता वाढते. साधारण ७८ च्या वर गेलं की ताठरपणाची शक्यता वाढते. बघा, मधली पट्टी केवढी अरुंद आहे! काकाचं औषध वाईट नव्हतं. त्या पट्टीच्या पलीकडे गेलं असावं. आणि म्हणूनच गोळी उशीखाली ठेवणं हा उपाय नाही. डॉक्टरांना "हात ताठतात" हे सांगणं हा उपाय आहे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. त्यांना सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं?

या दांडीने एकदा शास्त्रज्ञांना चांगलंच चकवलं आहे. उंदीर दांडीवर खिळला की औषध गुणाचं, असा जणू नियमच झाला होता. क्लोझापिन नावाचं औषध आलं आणि उंदीर खिळेचनात. म्हणजे नापास! पण डॉक्टरांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं तर गुण येत होता आणि हात ताठत नव्हते. पुढे १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि त्यातले काही दगावले. औषध मागे पडलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, इतर औषधांनी बरे न होणारे रुग्णही त्याने सुधारतात असं दिसलं, तेव्हा ते परत आलं. पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. क्लोझापिन डोपामिनचे खुंटे फारसे अडवत नाही, सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्याचे मात्र पुष्कळ अडवतं. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष सेरोटोनिनकडे लागलं.

आणि इथे आपलं कराड येतं. हो, सातारा जिल्ह्यातलं, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचं कराड. तिथल्या कृष्णा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या औषधशास्त्र विभागात डॉ. जे. जे. बलसारा आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये 'सायकोफार्माकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. औषध होतं ट्रॅझोडोन. ते स्किझोफ्रेनियाचं नाही, उदासीनतेच्या आजारावरचं आहे. पण ते सेरोटोनिनचे काही खुंटे अडवतं, म्हणून त्याचा डोपामिनवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं.

त्यांना दिसलं ते असं. उंदराच्या वजनाच्या दर किलोला ५, १० किंवा २० मिलिग्रॅम दिलं, तर उंदीर दांडीवर खिळत नव्हता. उलट हॅलोपेरिडॉलने खिळलेल्या उंदरांचा ताठरपणा त्याने कमी होत होता! मात्रा ३०, ४०, ५० केली आणि चित्र फिरलं. आता तेच ट्रॅझोडोन उंदराला दांडीवर खिळवू लागलं. (उंदीर काही किलोभर नसतो. तो २०० ग्रॅमचा धरा आणि प्रत्यक्षात किती औषध दिलं ते काढा. गणित सोपं आहे.) या शास्त्रज्ञांनी लावलेला अर्थ असा : सेरोटोनिन हे डोपामिनच्या होड्या सोडणाऱ्या पेशींना दाबून ठेवतं. थोड्या ट्रॅझोडोनने तो लगाम ढिला होतो आणि हालचालीच्या घाटाकडे जास्त होड्या सुटतात. जास्त ट्रॅझोडोन मात्र डोपामिनचेच खुंटे अडवायला लागतं. औषध एकच, पण वीसला एक आणि तीसला भलतंच!

मोठ्यांसाठी एक सूचना. उंदराचं शरीर औषध फार लवकर पचवतं, म्हणून त्याच्या मात्रेला आपल्या वजनाने गुणून काही निघत नाही. शिवाय उंदरावर जमलं म्हणजे माणसावर जमलं, असंही नाही. तेव्हा हा मजकूर वाचून कुणी कुणाच्या गोळीला हात लावू नये. घरात असा प्रश्न असेल आणि कुणाला विचारावं ते सुचत नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

उंदराला स्किझोफ्रेनिया होतो का? त्याला आवाज ऐकू येतात का, हे विचारायची सोय नाही आणि रेडिओ त्याच्याविषयी बोलतोय अशी तक्रार तो करत नाही. आजाराचा एखादा तुकडाच उंदरात बघता येतो. सगळा आजार एकट्या डोपामिनने उलगडतही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एक नवं औषध डोपामिनच्या खुंट्यांना हात न लावता तिसऱ्याच खुंट्यांवर काम करतं. पुढे आणखी कुठला घाट सापडेल, कुणी सांगावं!

हे सगळं मी त्या मुलाला सविस्तर पत्रात लिहून पाठवलं होतं, कृष्णेचं चित्र काढून. परवा त्याचं उत्तर आलं. काकाला परत मिरजेला नेलं, ताठ हातांचं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, अधूनमधून येतात. काका सकाळी ओट्यावर उभं राहून चहा पितो. बशी वाजत नाही, असं त्याने मुद्दाम लिहिलंय. आजी अजून गोळीबरोबर अंगाराही लावते. लावू दे.

आणि शेवटी एक ओळ : "सर, त्या उंदराचं पुढं काय झालं?"

मुलं असं काही विचारतात की लपवाछपवी करता येत नाही. प्रयोग संपल्यावर असे उंदीर पुष्कळदा मारले जातात. म्हणून प्रयोग करण्याआधी आपल्या देशात संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते. उंदीर का हवेत, किती हवेत, कमीत भागेल का, त्यांना वेदना किती होतील, हे सगळं तिथे कागदावर मांडावं लागतं. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी सुचवल्या होत्या : जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राणी कमीत कमी वापरा, आणि त्यांचे हाल कमीत कमी होऊ द्या. त्यावर आजही काम चालतं. औषधशास्त्र शिकणारी मुलं पूर्वी प्रत्यक्ष उंदरावर करत ते बरेचसे धडे आता संगणकाच्या पडद्यावर शिकतात. पडद्यावरचा उंदीर दांडीवर बसतो, स्टॉपवॉच चालू होतं आणि तास संपला की मशीन बंद करून सगळे घरी जातात. हेही मी त्याला लिहून पाठवलं आहे.